वांटून केलेलें गणित व पडद्यावरील चित्र



मोठें काम अनेक हातांनीं वांटून घ्यावें, ही गोष्ट वर्धा जिल्ह्यांतील मुलांस नव्यानें सांगावयास नको. आपल्या हिंगणघाट तालुक्यांत कापसाच्या वेचणीचे दिवस आले म्हणजे शेतांतील प्रत्येक बाई आपापली पात धरते. दुसरीच्या पातींत ती शिरत नाहीं, आणि सायंकाळीं प्रत्येकीचा कापूस निरनिराळा तोलला जातो. अल्लीपुराहून फार दूर नसलेल्या सेवाग्रामच्या नांवाशीं जो चरखा कायमचा जोडला गेला, त्याचें बळही याच युक्तींत होतें. १९२५ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारतीय चरखा संघाच्या पहिल्या वर्गाच्या सभासदास दरमहा १००० वार स्वतः कांतलेलें सूत द्यावें लागे. एका घरची गुंडी ती केवढी! परंतु अशा गुंड्या गांवोगांवहून आल्या म्हणजे त्यांचे ताग्यांवर तागे विणले जात.

हीच युक्ति गणितांतही चालते. जें गणित एका यंत्रास अनेक वर्षें पुरून उरेल, तें हजारों घरांतील संगणकांस थोडथोडें वांटून दिलें, तर लौकर तडीस जातें. या संगणकांचे मालक कामाचें वेतन घेत नाहींत; आपलें यंत्र रिकामें असेल तेवढा वेळ ते तें एखाद्या मोठ्या गणितास लावून देतात. या पद्धतीस स्वेच्छेचें वितरित संगणन असें म्हणतात. आपण या लेखापुरतें त्यास ‘सहगणन’ म्हणूं. सहगणन चालू असतांना संगणकाच्या पडद्यावर पुष्कळदां कांहीं एक चित्र दिसत असतें. तें चित्र काय सांगतें, काय सांगत नाहीं, आणि गणित करणाऱ्यास त्याचा उपयोग किती, हा आजच्या पाठाचा विषय होय. पाठाच्या उत्तरार्धांत कागद व रंगीत पेन्सिली एवढ्याच साहित्यानें वर्गांत करतां येण्याजोगा एक प्रयोग दिला आहे.

कोणतें गणित वांटतां येतें?

सर्वच गणितें सारख्या रीतीनें वांटतां येत नाहींत. एक उदाहरण घेऊं. २ या संख्येचा कांहीं घात करून त्यांतून १ वजा केला असतां ज्या संख्या मिळतात, त्यांपैकीं कांहीं मूळसंख्या असतात. जसें, ३, ७, ३१, १२७. परंतु २ चा अकरावा घात उणें १ म्हणजे २०४७. ही संख्या २३ व ८९ यांचा गुणाकार आहे, म्हणून ती मूळ नव्हे. सतराव्या शतकांतील फ्रेंच मठवासी गणिती मारें मर्सेन याच्या नांवावरून या जातीच्या मूळसंख्यांस मर्सेन-संख्या म्हणतात.

३ खेरीज अशी कोणतीही संख्या मूळ आहे कीं नाहीं हें ओळखण्याची एक सुंदर कसोटी आहे. ४ पासून आरंभ करावा. त्याचा वर्ग करून २ वजा करावे, आणि आलेल्या संख्येस कसोटीस लावलेल्या संख्येनें भागून बाकी ठेवावी. त्या बाकीवर पुन्हां तीच क्रिया करावी. घातांक जितका असेल त्याहून दोन कमी इतक्या वेळां ही क्रिया केल्यावर बाकी शून्य आली, तर संख्या मूळ. न आली, तर मूळ नव्हे. ३१ ही २ चा पांचवा घात उणें १ आहे. म्हणून क्रिया तीनदां करावयाची. ४ चा वर्ग १६, उणे २, म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, उणे २, म्हणजे १९४. त्यास ३१ नें भागितां बाकी ८. ८ चा वर्ग ६४, उणे २, म्हणजे ६२. त्यास ३१ नें भागितां बाकी शून्य. म्हणून ३१ ही मूळसंख्या ठरली.

आतां यांतील मर्म पाहा. दुसरी पायरी पहिलीवांचून चढतां येत नाहीं, आणि तिसरी दुसरीवांचून नाहीं. म्हणून एकाच संख्येची ही कसोटी दहा घरांत वांटून देण्यांत कांहीं लाभ नाहीं. एकच धागा दहा चरख्यांवर कांततां येत नाहीं, तसेंच हें आहे. परंतु दहा निरनिराळ्या संख्या दहा घरांस देतां येतात. १९९६ सालीं जॉर्ज वोल्टमन यांनीं अमेरिकेंत मर्सेन-संख्यांचा जो सार्वजनिक शोध आरंभिला, तो याच रीतीनें चालतो. प्रत्येक स्वयंसेवकास कांहीं घातांक मिळतात. त्यांची कसोटी घेऊन निकाल परत पाठवावयाचा. या शोधांत १२ ऑक्टोबर २०२४ रोजीं लूक ड्युरंट यांस सांपडलेली संख्या २ चा १३,६२,७९,८४१ वा घात उणें १ ही होय. ती लिहिण्यास ४,१०,२४,३२० अंक लागतात. त्या दिवसापर्यंत ज्ञात झालेल्या सर्व मूळसंख्यांत ती मोठी होती.

दुसरीं कांहीं गणितें याहून मोकळेपणानें वांटतां येतात. वर्तुळाचा परीघ व व्यास यांचें गुणोत्तर द्विमान पद्धतीनें लिहिलें, म्हणजे केवळ ० व १ या अंकांनीं लिहिलें, तर त्यांतील फार दूरचा अंक मधले सर्व अंक न काढितां काढण्याची सूत्रें आहेत. अशा जातीचें पहिलें सूत्र १९९५ मध्यें सांपडलें. त्यांत बेरजेचीं असंख्य पदें असतात, आणि बेरीज कोणीं कोणत्या भागाची केली यानें उत्तरांत फरक पडत नाहीं. कॉलिन पर्सिव्हल या तरुण गणितज्ञानें ५६ देशांतील १७३४ संगणकांस हीं पदें वांटून दिलीं, आणि सप्टेंबर २००० मध्यें एकावर पंधरा शून्यें दिलीं असतां जें स्थान येतें त्या स्थानावरील अंक काढिला. तो ० निघाला. एवढ्या खटपटीचें फळ एक शून्य, म्हणून हंसूं नये; तें शून्य आहे हें आधीं कोणासही ठाऊक नव्हतें.

तिसरें उदाहरण शोधाचें. कोणत्या तीन पूर्णांकांच्या घनांची बेरीज ४२ होते, हा प्रश्न दीर्घकाळ सुटला नव्हता. १०० पर्यंतच्या संख्यांत अखेरीस तेवढा एकच उरला होता. सप्टेंबर २०१९ मध्यें अँड्र्यू बुकर व अँड्र्यू सदरलँड यांनीं घरगुती संगणकांच्या जागतिक जाळ्यावर दहा लाखांहून अधिक तासांचें संगणन करवून तो सोडविला. उत्तरांतील प्रत्येक संख्या सतरा अंकी आहे, आणि तींपैकीं एक ऋण आहे. गवताच्या अनेक गंज्यांत एक सुई शोधावयाची असेल, तर प्रत्येकास एकेक गंजी द्यावी, तसेंच हें झालें.

पडद्यावरील चित्राची उत्पत्ति

संगणकानें केलेलें गणित डोळ्यांस दिसावें, ही इच्छा संगणकाइतकीच जुनी म्हणतां येईल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आपल्या देशांतील शास्त्रज्ञांनीं स्वतः बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्यें पूर्णपणें चालू झाला. १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्यास तें नांव दिलें. त्याच्या स्मरणांत ४० अंकी २०४८ शब्द मावत. इतक्या लहान यंत्रासही कॅथोड-किरणांच्या नळीचा एक पडदा जोडलेला होता, आणि त्यावर आलेख व अक्षरें उमटत. छापलेल्या आंकड्यांच्या लांबच लांब ओळींतून जें ध्यानांत येण्यास वेळ लागतो, तें आलेखाच्या एका वळणांत दिसतें, हें त्या काळच्या संशोधकांनीं जाणिलें होतें.

सहगणनाचें चित्र मात्र निराळ्या वाटेनें आलें. जुन्या कांचेच्या पडद्यांवर एकच आकृति फार वेळ राहिली, तर तिचा डाग पडद्यावर कायम राही. तो टाळण्यासाठीं यंत्र रिकामें असतांना हलतें चित्र दाखविणारी लहानशी योजना करीत; तिलाच स्क्रीनसेव्हर म्हणत. यंत्र रिकामें आहे हें या योजनेस बरोबर कळे. तेव्हां त्याच क्षणीं गणित सुरू करावें, आणि हलत्या चित्रांत त्या गणिताचेंच रूप दाखवावें, अशी कल्पना निघाली. १७ मे १९९९ रोजीं अमेरिकेंतील बर्कली येथील विद्यापीठानें ‘सेटी ॲट होम’ हा उपक्रम सुरू केला. अरेसिबो येथील दुर्बिणीनें टिपलेल्या रेडिओलहरींत परग्रहावरील बुद्धिमान प्राण्यांची कांहीं खूण सांपडते काय, हें शोधण्याचें तें काम. त्यांतील मुख्य गणित म्हणजे मिश्र लहरींतून निरनिराळ्या कंपनसंख्या वेगळ्या करणें. पडद्यावर रंगीत स्तंभांची एक रांग उभी राही, आणि कोणत्या वेळीं कोणत्या कंपनसंख्येचा जोर किती, हें त्या स्तंभांच्या उंचीवरून दिसे. पन्नास लाखांहून अधिक लोक या उपक्रमांत सहभागी झाले. मार्च २०२० अखेर त्यानें नवीन काम वांटणें थांबविलें, आणि परग्रहावरील खूण कांहीं सांपडली नाहीं. परंतु घराघरांतील रिकामें यंत्र शास्त्राच्या कामीं लावण्याची संवय त्यानें जगास लाविली.

चित्रांच्या तीन जाती

अशीं चित्रें तीन प्रकारचीं असतात, असें मला दिसतें.

पहिला प्रकार केवळ प्रगतीचा. मर्सेन-संख्यांच्या शोधांत वापरला जाणारा प्राइम-९५ हा कार्यक्रम याच जातीचा आहे. त्यांत रंग नाहीं, आकृति नाहीं. कितवी पायरी झाली, शेंकडा किती काम झालें व अजून किती वेळ लागेल, एवढ्याच ओळी दिसतात. यांत रचनाकारांचा आळस नाहीं. तें त्या गणिताच्या स्वभावासच धरून आहे. वर सांगितलेल्या कसोटींत शेवटच्या पायरीपर्यंत उत्तराचा मागमूस लागत नाहीं. शेंकडा नव्याण्णव काम झालें, म्हणजे संख्या मूळ असण्याची आशा नव्याण्णव पट वाढली, असें मुळींच नाहीं. मधल्या बाक्यांचें रंगीत चित्र काढिलें असतें, तर तें नुसत्या वाळूच्या कणांसारखें दिसलें असतें, आणि पाहणाऱ्याच्या मनांत खोटी आशा मात्र उत्पन्न झाली असती.

दुसरा प्रकार असा कीं, ज्याचें गणित चाललें आहे त्याचेंच रूप चित्रांत उतरतें. सेटीचे स्तंभ या जातीचे होते. २००५ मध्यें सुरू झालेल्या ‘आइन्स्टाइन ॲट होम’ या उपक्रमांत खगोलाचा एक फिरता गोल दिसतो. त्यावर नक्षत्रें व त्या वेळीं आकाशाचा कोणता बिंदु तपासला जात आहे तें दाखविलेलें असतें. गुरुत्वलहरींचा शोध हें या उपक्रमाचें मूळ काम. आपल्या महाराष्ट्रांत हिंगोली जिल्ह्यांतील औंढा येथें अशा लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ मध्यें मंजुरी दिली, म्हणून हें नांव तुम्ही लक्षांत ठेवावें.

तिसऱ्या प्रकारांत चित्र हेंच गणिताचें फळ असतें. स्कॉट ड्रेव्हज् यांनीं १९९९ मध्यें सुरू केलेल्या ‘इलेक्ट्रिक शीप’ या उपक्रमांत सहभागी संगणक मिळून ज्वालांसारख्या हलत्या आकृति तयार करितात. प्रत्येक आकृति कांहीं सूत्रांपासून निघते, आणि तिचीं निरनिराळीं चित्रें निरनिराळ्या घरीं गणिलीं जातात. तयार झालेली आकृति पुन्हां सर्वांच्या पडद्यावर पोंचते. येथें विणकर व वस्त्र वापरणारा हे एकच.

चित्राचा लाभ व त्याची किंमत

चित्रानें गणित सुधारतें काय? एक प्रसिद्ध हकीकत अशी आहे. वॉशिंग्टन विद्यापीठांतील डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेनें ‘रोझेटा ॲट होम’ हा उपक्रम चालविला. प्रथिनाची लांब सांखळी कोणत्या आकारांत दुमडते, हें त्यांत गणितानें शोधावयाचें असतें. पडद्यावर ती सांखळी दुमडतांना दिसे. पाहणाऱ्यांपैकीं कित्येकांस असें वाटूं लागलें कीं, यंत्र येथें चुकतें आहे. हा भाग असा वळविला तर तो अधिक नीट बसेल. त्यांनीं तसें कळविलें. त्या सूचनेंतून २००८ मध्यें ‘फोल्डइट’ हा खेळ जन्मास आला. त्यांत माणसें स्वतः आपल्या हातानें सांखळी दुमडूं लागलीं. २०११ मध्यें या खेळाडूंनीं माकडांतील एका विषाणूच्या प्रथिनाची रचना तीन आठवड्यांत बसवून दिली. तो प्रश्न शास्त्रज्ञांस दहा वर्षांहून अधिक काळ अडवून बसला होता. पडद्यावर जर नुसती टक्केवारी दिसली असती, तर ही गोष्ट घडली नसती. चित्रामुळें श्रम देणारा विचारही देऊं लागला.

परंतु चित्र फुकट मिळत नाहीं. तें रंगविण्यासही त्याच यंत्राची शक्ति खर्च होते. सेटीच्या काळीं पुष्कळ जाणते स्वयंसेवक चित्र बंद ठेवून केवळ गणित चालूं देत, कारण त्यामुळें काम लौकर होई. याखेरीज विजेचा खर्च आहेच. जें यंत्र रात्रभर गणित करितें, तें रात्रभर वीज खातें व तापतें. २०१३ पासून हें काम हातांतील फोनवरही करतां येऊं लागलें, तेव्हां फोन विजेस जोडलेला असतांनाच गणित चालावें अशी त्यांत मुळापासून व्यवस्था ठेवण्यांत आली. घरच्या वा शाळेच्या यंत्रावर असें कांहीं करावयाचें असेल, तर ज्याच्या पैशानें वीज येते त्याची परवानगी प्रथम घ्यावी. दुसऱ्याच्या वस्तूचें दान आपण करूं शकत नाहीं.

आणखी एक प्रश्न विश्वासाचा आहे. वेचलेला कापूस तोलतां येतो. पण परक्या घरांत केलेलें गणित खरेंच झालें कीं नाहीं, हें कसें ओळखावें? कधीं यंत्र तापून चुकतें. कधीं एखादा मनुष्य आपल्या नांवापुढील गुण वाढावे म्हणून न केलेलें काम केलें म्हणून पाठवितो. यावर जुना उपाय असा कीं, तेंच काम दोन अनोळखी घरांस द्यावें व उत्तरें जुळलीं तरच स्वीकारावीं. मर्सेन-संख्यांच्या शोधांत २०२० पासून याहून चतुर पद्धति आली. तींत काम करणाऱ्यानें उत्तराबरोबर एक पुरावा पाठवावयाचा असतो, आणि तो पुरावा मूळ कामाच्या मानानें फार थोड्या श्रमांत तपासतां येतो. पडद्यावर चित्र सुंदर हलत होतें, हा मात्र पुरावा होऊं शकत नाहीं.

देवळालीच्या शिक्षकाचें गणित

आतां प्रयोगाकडे वळूं. नाशिकजवळील देवळाली येथें दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर या नांवाचे शिक्षक होते. त्यांचा जन्म १९०५ सालीं डहाणू येथें झाला; १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनीं शाळेंत शिकविलें, व १९८६ मध्यें ते वारले. मोठी पदवी वा मोठी संस्था पाठीशीं नसतां त्यांनीं संख्यांचे अनेक गुण शोधून काढिले. १९७५ मध्यें मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकानें त्यांच्याविषयीं लिहिलें, आणि त्यांचें नांव जगभर झालें. १९४९ मध्यें त्यांस जी गोष्ट आढळली ती अशी.

चार अंकी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नसावे. अंक उतरत्या क्रमानें मांडून मोठी संख्या करा, चढत्या क्रमानें मांडून लहान करा, व मोठींतून लहान वजा करा. आलेल्या संख्येवर पुन्हां तेंच करा. वजाबाकी तीन अंकी आली, तर पुढें शून्य देऊन ती चार अंकी करा. १९४९ हीच संख्या घेऊं.

९९४१ − १४९९ = ८४४२
८४४२ − २४४८ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

६१७४ वर तीच क्रिया केली, तर ७६४१ − १४६७ = ६१७४ हीच संख्या पुन्हां येते. कोठूनही निघा, अधिकांत अधिक सात पायऱ्यांत ६१७४ च्या घरीं येऊन पोंचाल.

हें सर्व संख्यांस लागू आहे कीं नाहीं, हें तुम्ही स्वतः पडताळून पाहावें. ०००० पासून ९९९९ पर्यंत दहा हजार संख्या आहेत. एक मोठा कागद घेऊन त्यावर शंभर ओळी व शंभर रकाने आंखा. संख्येचे पहिले दोन अंक म्हणजे ओळ, शेवटचे दोन म्हणजे रकाना. प्रत्येक घरांत, ६१७४ गांठण्यास किती पायऱ्या लागल्या त्याप्रमाणें रंग भरा. सात पायऱ्यांस सात रंग. खुद्द ६१७४ चें घर काळें करा, आणि चार सारख्या अंकांचीं दहा घरें कोरीं सोडा.

काम किती पडेल? प्रत्येक संख्या स्वतंत्र सोडविली, तर एकंदर ४६,६३७ वजाबाक्या होतात. एका वजाबाकीस अर्धें मिनिट धरिलें व रोज पाव तास दिला, तर एकट्या मुलास चार वर्षांहून अधिक काळ लागेल. पन्नास मुलांच्या वर्गानें दोन दोन ओळी वांटून घेतल्या, तर तेंच काम महिनाभरांत उरकेल. हेंच सहगणन. बरोबर उत्तरें आलीं, तर रंगलेल्या घरांचा हिशेब असा लागला पाहिजे: एका पायरीचीं ३८३, दोहोंचीं ५७६, तिहींचीं २४००, चोहोंचीं १२७२, पांचांचीं १५१८, सहांचीं १६५६, सातांचीं २१८४, आणि एक ६१७४ चें स्वतःचें. बेरीज ९९९०.

आतां कागद भिंतीवर लावून दूर उभे राहा. वरच्या डाव्या कोंपऱ्यापासून खालच्या उजव्या कोंपऱ्यापर्यंत तिरपी रेघ कल्पिली, तर, एक काळें घर वगळतां, तिच्या दोन्ही अंगांचीं चित्रें एकमेकांचीं प्रतिबिंबें आहेत असें आढळेल. २७ वी ओळ व ७२ वी ओळ अगदीं एकसारखी दिसेल. काळें घर व त्याचें प्रतिबिंब सोडून एखाद्या घराचा रंग प्रतिबिंबांतील घराशीं जुळत नसेल, तर तेथें कोणाची तरी वजाबाकी चुकली, हें तात्काळ कळेल. दोन ओळी दोन निरनिराळ्या मुलांनीं केल्या असल्यामुळें चित्रच तपासनीस बनतें. हा चित्राचा पहिला लाभ.

परंतु येथें सावध राहावें. समजा, शून्य पुढें लिहिण्याचा नियम सांगणाऱ्यानेंच सांगितला नाहीं. मग २१११ − १११२ = ९९९ आलें कीं, सर्व मुलें ९९९ − ९९९ = ० असें करून थांबतील. १११२, ११२१, १२११ व २१११ या चारही घरीं तीच चूक होईल. प्रतिबिंब बिघडणार नाहीं, चित्र नेटकें दिसेल, आणि तरीही तें खोटें असेल. एकाच कार्यक्रमांतील दोष सर्व संगणकांत सारखाच उतरतो, तेव्हां उत्तरें जुळणें पुरेसें होत नाहीं. म्हणूनच नवी मर्सेन-संख्या सांपडली असें वाटलें, कीं तिची तपासणी निराळ्या यंत्रांवर निराळ्या कार्यक्रमांनीं पुन्हां करितात, आणि मगच ती जाहीर करितात.

चित्राचा दुसरा लाभ याहून मोठा आहे. चित्र प्रश्न विचारावयास लावतें: हीं प्रतिबिंबें कां पडतात? उत्तर सोपें आहे. क्रियेच्या आरंभींच आपण अंक क्रमानें लावतों, म्हणून संख्येंत ते कोणत्या क्रमानें होते यास कांहीं महत्त्व उरत नाहीं. या विचाराचें बोट धरून पुढें जाऊं. उतरत्या क्रमानें अंक क, ख, ग, घ असे माना. तर मोठींतून लहान संख्या वजा केल्यास

९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग)

एवढें उरतें. म्हणजे चार अंकांचीही गरज नाहीं. दोन अंतरें पुरतात. पहिलें अंतर १ पासून ९ पर्यंत असूं शकतें, आणि दुसरें ० पासून पहिल्याइतकें. अशा जोड्या २ + ३ + ४ + … + १० = ५४ होतात. या ५४ जोड्यांची एकेक वजाबाकी करून, ती कोणत्या जोडीकडे नेते एवढें टिपलें, कीं दहा हजार घरांचा निकाल हातीं येतो. ६ व २ या जोडीपासून ५९९४ + १८० = ६१७४ येतात, आणि ६१७४ च्या अंकांची अंतरेंही पुन्हां ६ व २ च; म्हणून प्रवास तेथें संपतो. पन्नास मुलांच्या महिनाभराच्या कामाच्या जागीं एका मुलाचें सत्तावीस मिनिटांचें काम उरलें.

मग ते श्रम व्यर्थ गेले काय? माझ्या मतें नाहीं. ५४ जोड्यांचा विचार ज्यास आपोआप सुचेल असा विद्यार्थी विरळा. इतरांस तो रंगीत कागदासमोर उभें राहिल्यावर सुचतो. शिवाय प्रत्येक प्रश्नास अशी आडवाट असतेच असें नाहीं. ४२ च्या प्रश्नांत गणितज्ञांनीं विचारानें शोधाचें क्षेत्र पुष्कळ कमी केलें, आणि तरीही उरलेलें क्षेत्र दहा लाख तासांचें होतें. जेथें विचाराचा हात पोंचत नाहीं तेथें श्रम करावे, आणि श्रम करितां करितां विचाराची वाट शोधीत राहावें, हाच या कामांतील शहाणपणा.

तुम्हांपैकीं जे हा प्रयोग करतील, त्यांनीं एक नियम पाळावा. आपल्या ओळींतील जें घर सोडविलें नाहीं, तें शेजाऱ्याच्या कागदावरून रंगवूं नये. तें कोरेंच ठेवून वर्गशिक्षकांस सांगावें. कोऱ्या घरामुळें काम अपुरें राहतें, आणि अपुरें काम दुसरा पुरें करूं शकतो. नक्कल केलेल्या घरामुळें तपासणीच नष्ट होते, आणि तें घर कोणतें हें पुढें कोणासही ओळखतां येत नाहीं. घराघरांतील जे लोक न पाहिलेल्या माणसांबरोबर मूळसंख्या शोधीत असतात, त्यांचें सर्व काम या एका सचोटीवर उभें आहे.

स्वाध्याय

१. तीन अंकी संख्यांवर हीच क्रिया करून पाहा. सर्व वाटा कोणत्या एका संख्येपाशीं येतात? तेथें ५४ जोड्यांऐवजीं किती अंतरें तपासावीं लागतील?

२. दोन अंकी संख्यांवर ही क्रिया केली असतां एका घरीं मुक्काम होत नाहीं. संख्या चक्राकार फिरत राहतात. तें चक्र लिहून काढा. ०९ पासून आरंभ केल्यास सोयीचें होईल.

३. २ चा सातवा घात उणें १ म्हणजे १२७ ही मूळसंख्या आहे, हें या लेखांत दिलेल्या कसोटीनें पांच पायऱ्यांत दाखवा. तीच कसोटी २०४७ या संख्येस लावून अखेरची बाकी शून्य येत नाहीं याची खात्री करून घ्या.